कांद्याची रिकामी गाडी

एकतीस वर्षं नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जाऊन नोकरी केली, पण रिकामी गाडी आयुष्यात एकदाच पाहिली. ती कांद्याची होती. न्यू जर्सीत, एका लोखंडी तव्यावरून धूर सोडत चालली होती, आणि तिच्यात चढायला कोणी नव्हतं.

मुलगा एडिसनला असतो. नातवाच्या सातव्या वाढदिवसाला आम्ही दोघं नालासोपाऱ्याच्या तुळिंजहून तिकडे गेलो होतो. सकाळी सुनेने जाहीर केलं, "आई, आज संध्याकाळी हिबाचीला जायचंय."

मला वाटलं, कुणाकडे तरी जायचंय. मराठी माणसाला 'ची' ऐकलं की पुढे कोणीतरी यावंसं वाटतं. मी म्हटलं, "हिबाची कोण? बहीण की जाऊ?"

नातू जमिनीवर लोळून हसला. मग कळलं की हिबाची ही कुणाचीच कोणी नाही, ते जपानी जेवण आहे आणि ते आपल्या समोर बनवून देतात. हे ऐकून आमचे हे वर्तमानपत्रातून बाहेर आले. "समोर म्हणजे? आपल्याकडे काय पाठीमागे बनवतात?" ह्यांचं मूळ मालवणचं. मासा कच्चा आणि भात गार असं जपानी जेवण त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं आणि त्या देशाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "शिजवतात ना नक्की?" असं मुलाकडून दोनदा वदवून घेतल्यावरच त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

हॉटेलात गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की टेबल आपलं नसतं. मधे पलंगाएवढा चकचकीत तवा, त्याच्या तीन बाजूंनी पाट्यासारखी पट्टी आणि तिच्याभोवती आठ खुर्च्या. आम्ही पाच. उरलेल्या तीन खुर्च्यांवर एक जोडपं आणि त्यांची मुलगी येऊन बसली. सून ओशाळून म्हणाली, "इथे असं शेअर करावं लागतं, आई." अगं, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जिने अंधेरी गाठली आहे तिला हे काय सांगतेस? इथे तर अख्खी खुर्ची मिळाली होती, तीही न भांडता. उलट सवयीने मी शेजारच्या गोऱ्या बाईला जवळजवळ विचारलंच होतं, "कुठे उतरणार?"

आधी सूप आलं. पाणी म्हणावं इतकं स्वच्छ, वर मशरूमच्या तीन चकत्या तरंगत होत्या. मग आल्याच्या आंबटगोड रसातला पाला आला. ह्यांनी दोन्ही संपवून माझ्याकडे पाहिलं. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणसं जसं बघतात, तसं.

आणि मग तो आला. डोक्यावर लाल उंच टोपी, कमरेला सुऱ्या अडकवलेल्या, पुढ्यात सामानाची ढकलगाडी. आठही जणांना वाकून नमस्कार केला आणि कुणी काय मागवलंय ते एकेकाला विचारून घेतलं. नंतर मुलाने त्याला गाव विचारलं तर तो इंडोनेशियाचा निघाला. पण तेव्हा आम्ही त्याला जपानी समजूनच उलट नमस्कार केला होता, आणि तो फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

त्याने तव्यावर तेलाची पिचकारी मारली आणि कसलीशी ठिणगी दिली. भक्कन जाळ उठला, छताच्या धुराड्यापर्यंत. भुवयांना चटका जाणवला. नातवाने टाळ्या पिटल्या, शेजारच्या मुलीने किंकाळी फोडली, आणि ह्यांनी माझा हात धरून हळूच विचारलं, "अगं, सिलिंडर कुठाय?"

मग सुरू झाली ती ठकठक. एका हातात उलथणं, दुसऱ्यात मोठा काटा. ते तव्यावर आपटायचे, एकमेकांवर आपटायचे, मिठाच्या डबीवर आपटायचे, डबी हवेत उडवायची, पाठीमागे हात नेऊन झेलायची. दोन मिनिटं झाली, चार झाली. तव्यावर अजून काहीच पडलं नव्हतं. आमच्याकडे उलथण्याचा आवाज आला म्हणजे काहीतरी परततंय. इथे नुसताच आवाज परतत होता.

शेवटी एक अंडं आलं. ते त्याने तव्यावर भोवऱ्यासारखं फिरवलं, उलथण्याने उचललं, उडवलं आणि उलथण्याच्या धारेवर झेलून फोडलं. हे मात्र मी मान्य करते, पन्नास वर्षं अंडी फोडतेय, मला जमणार नाही. त्याआधी ते गडगडवत त्याने काहीतरी म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. मुलाने समजावलं, की 'एग रोल' नावाचा एक पदार्थ असतो आणि रोल म्हणजे गडगडणंसुद्धा, म्हणून. समजावून सांगितलेला विनोद आणि दुसऱ्यांदा तळलेली पुरी, दोन्ही तोंड दुखवतात. आम्ही हसलो. वाढदिवस होता.

माझी अडचण निराळी होती. शनिवार होता. शनिवारी मी मांसाहार करत नाही, आणि इथे एकाच तव्यावर माझी भाजी, मुलाची कोंबडी, ह्यांची कोळंबी आणि त्या गोऱ्या गृहस्थाचा वीतभर गोमांसाचा तुकडा असा सर्वधर्मसमभाव होणार होता. सुनेने हळूच त्याच्या कानावर घातलं. त्याला शनिवार कळला नसावा, पण गांभीर्य कळलं. त्याने तव्याचा एक कोपरा खरवडून, फडक्याने पुसून लखलखीत केला, वेगळं उलथणं घेतलं आणि हवेत एक रेघ मारली. ही लक्ष्मणरेषा. त्याच्या अलीकडे माझी ब्रोकोली, गाजर, झुकिनी. मी समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या कोळंबीतून लोण्याचा एक बारका ओहोळ निघाला आणि रेषा ओलांडून थेट माझ्या गाजरापर्यंत आला. मी दुसरीकडे पाहिलं. परदेशात मारुतीराय थोडं चालवून घेतात असं माझं मत आहे.

भात आला तो लसूण-लोणी घातलेला. त्याने त्याचा बदामाचा आकार केला, खाली उलथणं सरकवलं आणि खालून टकटक करून तो बदाम धडधडवून दाखवला. सगळे "ओऽऽ" म्हणाले. ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. त्यांनी त्या भाताकडे ज्या काळजीने पाहिलं, तशी काळजी त्यांनी स्वतःची केली असती तर दोनऐवजी एकावर भागलं असतं.

आणि मग ती गाडी. त्याने एका कांद्याच्या जाड चकत्या केल्या, त्या कड्या सुट्या करून एकावर एक अशा रचल्या की खाली रुंद, वर निमुळती चिमणी झाली. आत तेल ओतून पेटवलं. ज्वाला निघाली, म्हणजे ज्वालामुखी झाला. ती विझली तसं त्याने पाणी ओतलं, वरून भसाभस वाफ निघायला लागली, आणि उलथण्याने ती चिमणी ढकलत ढकलत तो तोंडाने म्हणाला, "चू चू, चू चू." कांद्याची आगगाडी तव्यावरून चालू लागली.

नातू म्हणाला, "आजी, ट्रेन! तुझी ट्रेन!"

मी बघत राहिले. मागे डबे नाहीत, दाराला लोंबकळणारं कोणी नाही, छपरावर कोणी नाही. माझ्यासमोरून ती संथ गेली आणि ह्यांच्यासमोर थांबलीसुद्धा. विरारहूनच भरून येणारी गाडी नालासोपाऱ्याला थांबते तेव्हा एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून, पदर दातात धरून आम्ही 'आत सरका हो' म्हणत असायचो. ती सगळी वर्षं आठवली. ही गाडी इतकी रिकामी, की पाहून गलबलून आलं. दोन मिनिटांत त्याने तिचे तुकडे करून भाजीत ढकलले. मला सगळ्यात चविष्ट तोच कांदा लागला.

जेवण वाढायच्या आधी अजून एक विधी असतो. आपण आऽ करायचा आणि तो तव्यावरून उलथण्याने घास उडवणार. शेजारच्या मुलीने तोंडात झेलला. नातवाच्या कपाळावर आपटला. माझी पाळी आली तेव्हा मी संकोचून अर्धाच आऽ केला, आणि ब्रोकोलीचं फूल येऊन चष्म्याच्या डाव्या काचेवर बसलं. त्याने कंबरेत वाकून माफी मागितली. मला आठवेना की देवळाबाहेर माझ्यावर फूल टाकून याआधी कोणी इतका आदर दाखवला होता.

ह्यांच्या वाट्याला कोळंबी आली. आता कोळंबी हा ह्यांचा श्रद्धेचा विषय आहे. आमच्या घरात सोलताना एक कोळंबी मोरीत पडली तरी त्या दिवशी जेवण शांततेत होत नाही. ती कोळंबी हवेत उडालेली पाहिली आणि ह्यांच्यातला तुळिंजच्या मैदानावरचा गल्ली क्रिकेटचा क्षेत्ररक्षक जागा झाला. तोंड उघडायचं ते विसरले. खुर्चीतून अर्धवट उठून, डावीकडे झेपावून, एका हाताने ती झेलली आणि हात वर करून ओरडले, "आऊट!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. गोऱ्या गृहस्थाने टाळ्या वाजवल्या. कोळंबी गरम होती, हात पोळला होता, पण सोडली नाही.

मग कर्मचाऱ्यांनी ढोल बडवून वाढदिवसाचं गाणं म्हटलं, नातवाच्या डोक्यावर लाल टोपी घातली, आइस्क्रीम दिलं. बिल आलं. माणशी साधारण ३५ डॉलर, वर बक्षिशी म्हणून वीस टक्के. बक्षिशी इथे मर्जीची नाही, वर्गणीसारखी असते. मी मनातल्या मनात गुणाकार केला. माणशी तीन हजार रुपये धरले तरी तेवढ्यात तुळिंजला पावभाजीच्या पंचवीस प्लेट येतात. हा हिशेब मी मोठ्याने केला नाही, तरी मुलगा म्हणाला, "आई, पावभाजीशी तुलना नको करूस." आईच्या कपाळावरचे आकडे मुलांना वाचता येतात.

रात्री झोप येईना. सुनेकडून फोन घेऊन मी ही हिबाची मुळात कोणाची ते वाचलं. हि म्हणजे विस्तव, बाची म्हणजे भांडं. राखेत कोळसे फुलवून हात शेकायचं, खोली उबदार ठेवायचं जपानी घरातलं भांडं. म्हणजे आपली शेगडी! तीही साधी नव्हे. ओवा-बाळंतशेपांची धुरी घालून बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवतात, तिची सख्खी बहीण. म्हणजे माझा सकाळचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आम्ही पाच माणसं नटूनथटून, बक्षिशी सोडून १७५ डॉलर मोजून बाळंतिणीच्या शेगडीला जेवायला गेलो होतो. आणि तिथे शेगडी नव्हतीच.

तव्यावरच्या त्या जेवणाचं खरं नाव तेप्पान्याकी. तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा, याकी म्हणजे भाजलेलं. हा प्रकारही काही पुराणातला नाही. कोबे शहरात १९४५ साली शिगेजी फुजिओका यांच्या 'मिसोनो' हॉटेलात तो सुरू झाला असं मानतात, आणि त्यावर जपान्यांपेक्षा बाहेरून आलेले गिऱ्हाईक जास्त खूश झाले. पुढे हिरोआकी आओकी नावाचा एक जपानी कुस्तीगीर न्यूयॉर्कला आला, हार्लेममध्ये गाडीवर आइस्क्रीम विकून त्याने पैसे जमवले, आणि १९६४ साली ५६व्या रस्त्यावर चार टेबलांचं हॉटेल काढलं. नाव 'बेनिहाना'. त्याच्या वडिलांचं तोक्योत याच नावाचं दुकान होतं. बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या ढिगाऱ्यात त्यांना हे लाल फूल उमललेलं दिसलं म्हणून ते नाव, असं सांगतात. बेनिहाना म्हणजे करडईचं फूल. हे वाचून मी ह्यांना हलवून उठवलं. "अहो, करडई!" ते म्हणाले, "तेल संपलं का?" आणि कुशीवर वळले.

कांद्याची गाडी, अंड्याचा भोवरा, हा सगळा खेळ अमेरिकेत बहरला. अमेरिकन माणसाला परकं जेवण नको होतं, परका खेळ हवा होता. गोमांस, कोंबडी आणि कोळंबी त्याच्या ओळखीची होती. तीच त्याच्या नाकासमोर भाजली, टोपी घालून भाजली आणि थोडी उडवली.

जपानी माणसाला हे पाहून काय वाटत असेल ते मला कळू शकतं. चिनी माणूस तुळिंज रोडवर आला तर त्याला जे वाटेल तेच. स्टेशनातून पूर्वेला उतरा. लाल दिव्याच्या, ड्रॅगन रंगवलेल्या गाड्यांवर 'चायनीज' लिहिलेलं असतं आणि आत मंचुरियन परततात. ते चीनमधून आलेलं नाही. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी ते काढलं असं मानतात. शेजवान चटणी लावलेला डोसा आमच्याकडे मिळतो, चायनीज भेळ मिळते, आणि श्रावण पाळणारी माणसं विनाकांदा नूडल्स मागतात. हसायचं कुणी कुणाला?

बरं, पावभाजी तरी कुठली शुद्ध? पाव पोर्तुगीजांचा. ते वसईत १५३४ पासून चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये काढेपर्यंत होते. ते गेले, पाव राहिला. बटाटा, टोमॅटो, मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे ज्या पावभाजीच्या अभिमानाने मी न्यू जर्सीत तोंड मिटून गुणाकार करत होते, तिचा अर्धा गोतावळा तिकडचाच. आणि आमचा पावभाजीवाला जौनपूरचा. जपानी म्हणवणारं जेवण इंडोनेशियाचा माणूस अमेरिकेत रांधतो, मुंबईची पावभाजी जौनपूरचा माणूस तुळिंजात. नावाचं काय घेऊन बसलात. आम्ही स्वतः तुळिंजातून न हलता २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो.

तरी एक फरक आहे, आणि तो परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी कळला. घरात काही नव्हतं म्हणून आम्ही दोघं आमच्या पावभाजीवाल्याच्या गाडीवर गेलो. पावसाळ्यात तुळिंज रोडला गुडघाभर पाणी असतं तेव्हा तो गाडीखाली विटा लावतो. त्या दिवशीही लावल्या होत्या. मधे परातीएवढा खोलगट काळा तवा, कडेला भाजीचा डोंगर. चार जणांची ऑर्डर आली की डोंगराचा एक कडा कोसळवून मधे आणतो. वर लोणी, तिखट, मसाला, मग हातानेच पाण्याचा सपकारा. चर्र होऊन वाफ उठते, त्या वाफेत त्याचं तोंड दिसेनासं होतं आणि आतून नुसती ठकठक ऐकू येते. डाव्या हाताने स्मॅशर, उजव्या हाताने उलथणं. पाव एका फटक्यात चिरतो, पण एक कड जोडलेली ठेवून, आणि पुस्तक उघडून ठेवल्यासारखा लाल लोण्यात पालथा घालतो. कोपऱ्यात जैन पावभाजी, कच्च्या केळ्याची, तिच्यासाठी वेगळा छोटा तवा. तिथवर त्याने अजून लोण्याचा ओहोळ येऊ दिलेला नाही.

पण या सगळ्यात त्याने एकदाही मान वर केली नाही. तो इंडोनेशियाचा भला माणूस सतत आमच्या तोंडाकडे बघत होता. हसलो का, घाबरलो का, फोटो काढला का. बिचाऱ्याला रोज दहा वेळा तीच कांद्याची गाडी काढायची आणि दहा वेळा नव्याने 'चू चू' म्हणायचं. आमचा माणूस बघतो ते फक्त तव्याकडे. बघायचं काम आमचं. आपला नंबर कधी, आपल्या आधी आलेल्याला दिलं का, आपल्या पावाला लोणी कमी का. वीस माणसं अर्धवर्तुळात उभी राहून एका तव्याकडे टक लावून बघतात, आणि टाळी कोणी वाजवत नाही. वाजवली तर तो विचारेल, "क्या हुआ?"

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा सहकुटुंब आला. नातवाला घेऊन आम्ही गाडीवर गेलो. ठकठक ऐकून पोराचा चेहरा उजळला. "आजी, हिबाची!" गर्दीतून वाट काढत तो थेट तव्यासमोर जाऊन उभा राहिला, मान मागे टाकली आणि भला मोठा आऽ केला.

पावभाजीवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा हात थांबवून वर पाहिलं. क्षणभर त्या उघड्या तोंडात निरखून बघितलं आणि काळजीने मला म्हणाला, "आंटी, दाँत दिखाना है तो डॉक्टर उधर बैठता है, मेडिकल के ऊपर."

हे पुढे झाले. मला वाटलं समजावून सांगतील. त्यांनी एका हाताचा ओंजळीसारखा द्रोण केला आणि म्हणाले, "भैया, एक पाव इधर फेको." त्याने फेकला नाही. अन्न फेकत नाहीत म्हणाला, आणि पाव कागदावर ठेवून, वर जास्तीचं लोणी लावून नातवाच्या हातात दिला. त्याचे पैसे मात्र लावले.

कधी तुळिंजकडे आलात तर सातनंतर या, त्याआधी तवा तापलेला नसतो. साडेदहाला पाव संपतात. सुट्टे पैसे आणा, आणि तोंड बंद ठेवा.